कस्तुरीचे घर : मूत्रपिंडाचा आजार असलेल्या बारा वर्षांच्या मांजरीचे प्रकरण

कस्तुरी ही तिरंगी मांजर पुण्याच्या पेठांतील एका जुन्या वाड्यात वाढली. तिला पाळणाऱ्या आजी एकट्याच राहत असत. त्यांच्या खुब्याचे हाड मोडले, चालणे कायमचे काठीवर आले आणि त्याच सुमारास पुनर्विकासासाठी वाडा रिकामा करण्याची मुदतही येऊन ठेपली. ज्या वृद्धाश्रमात आजींची सोय झाली तेथे प्राणी ठेवण्याची मुभा नव्हती, आणि नातेवाइकांपैकी कोणीही मांजर घरी न्यायला तयार नव्हते. 'मांजर काय, कुठेही जगते. मासळी बाजारात सोडून द्या' हा सल्ला आजींच्या भाच्याला अनेकांनी दिला. तो त्याने मानला नाही आणि तिला रीतसर प्राण्यांच्या निवाऱ्याच्या स्वाधीन केले, ही या प्रकरणातली पहिली चांगली गोष्ट. बारा वर्षे घरात राहिलेले मांजर बाजारातल्या बोक्यांसमोर आठवडाभरही तग धरेल याची खात्री देता येत नाही. शिवाय उपासमार होईल अशा स्थितीत पाळीव प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हाही आहे.

या टिपणात प्रकरणाची हकिगत मी निवाऱ्यात दत्तक देण्याचे काम पाहणारी स्वयंसेविका या नात्याने मांडत आहे. संबंधितांची नावे आणि ओळख पटेल असे तपशील मुद्दाम दिलेले नाहीत. वयस्क आणि आजारी मांजरीला घर मिळत नाही असे सर्रास म्हटले जाते. माझे मत असे आहे की घर मिळते, पण ते दयेचे आवाहन करून मिळत नाही. त्या मांजरीची सेवा म्हणजे रोजचे नेमके किती आणि कोणते काम, हे घरच्या माणसांना आधी कळावे लागते, आणि नुसते कानाने ऐकून नव्हे तर हाताने करून कळावे लागते.

निवाऱ्यात आल्यानंतरची स्थिती

आमचा निवारा शहराबाहेर आहे आणि त्यात कुत्र्यांची संख्या मोठी आहे. कस्तुरी आली तेव्हा उन्हाळा संपत आला होता, म्हणजे मांजरांच्या विणीचा भर होता आणि मांजरांच्या खोलीत पिल्लेच पिल्ले होती. पहिल्या दिवशी ती पिंजऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून बसली आणि तिने अन्नाला तोंड लावले नाही. माणसाला एक-दोन दिवसांचा उपास सोसतो, मांजराला तो सोसेलच असे नसते. मांजराचे खाणे बंद झाले की शरीरातली चरबी यकृतात साठू लागते आणि काही दिवसांतच त्यातून जिवावर बेतणारा विकार उभा राहतो. म्हणून दुसऱ्याच दिवशी तिला कार्यालयाच्या लहान खोलीत हलवले, लपायला पुठ्ठ्याचे खोके दिले आणि आजींकडून मागवून घेतलेली जुनी गोधडी त्यात अंथरली. त्या संध्याकाळी तिने थोडे खाल्ले.

आजींशी दूरध्वनीवर झालेले बोलणे या प्रकरणातला सर्वांत उपयोगी कागद ठरले, कारण मी ते सविस्तर लिहून ठेवले होते. कस्तुरी वाटीतले पाणी पीत नाही, तिला रुंद तोंडाचे पातेले काठोकाठ भरून लागते. कुकरच्या शिट्टीला ती घाबरत नाही, मात्र फटाक्यांच्या दिवसांत कपाटाखालून बाहेर येत नाही. दूध-पोळी ती खाते, पण त्याने तिचे पोट बिघडते. तिला उचलून घेतलेले आवडत नाही, शेजारी बसलेले आवडते. "ती मांडीवर येणार नाही हो, पण तुम्ही बसाल तिथे येऊन बसेल," असे आजी म्हणाल्या. मालकाकडून प्राणी स्वीकारताना निवारे लसीकरणाची वही मागतात आणि तेवढ्यावर थांबतात. माझा आग्रह असा आहे की वहीइतकेच हे बोलणेही नोंदवून घेतले पाहिजे. मूत्रपिंडाच्या आजारात मांजराने भरपूर पाणी पिणे हा अर्धा उपचार आहे, आणि ती पातेल्यातूनच पिते हे आजींखेरीज कोणीही सांगू शकले नसते.

निदान आणि पूर्वतयारी

तपासणीत तिचे वजन २.९ किलो भरले. वहीतील जुन्या नोंदीनुसार ती एकेकाळी चार किलोची होती. रक्तातील क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे कमकुवत झाली की रक्तात साठणारे द्रव्य, २.४ (मिग्रॅ/डेसिलिटर) होते आणि लघवीचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तिच्या दाटपणाचे माप, १.०१८. निरोगी मांजराची लघवी याहून बरीच दाट असते. हे आकडे काही आठवड्यांच्या अंतराने पुन्हा तपासून पक्के झाल्यावर पशुवैद्यांनी दीर्घकालीन मूत्रपिंड विकाराचे निदान केले. आयरिस या आंतरराष्ट्रीय गटाने या विकाराचे चार टप्पे ठरवले आहेत आणि मांजरांमध्ये १.६ ते २.८ एवढे क्रिएटिनिन दुसऱ्या टप्प्यात मोडते. फॉस्फरस किंचित वाढलेला होता. रक्तदाब आणि थायरॉइड ठीक होते. या वयात वजन घटण्यामागे थायरॉइडची अतिक्रियाही असू शकते, त्यामुळे ती तपासणी टाळून चालत नाही.

दुसरा प्रश्न दातांचा होता. हिरड्या लाल होत्या, दोन दाढा मुळाशी झिजलेल्या होत्या आणि खाताना ती मध्येच मान झटकत असे. मूत्रपिंड कमकुवत असताना भूल द्यावी की नाही यावर निवाऱ्यात बराच विचार झाला. काहींचे म्हणणे असे होते की या वयात तिला त्रास न देता आहे तशीच द्यावी, घरचे पुढे पाहून घेतील. मी त्याच्या विरोधात होते. दुखऱ्या तोंडाचे मांजर कमी खाते, कमी खाणारे मूत्रपिंडाचे मांजर झपाट्याने खंगते. आणि नव्या घराला आल्याआल्याच शस्त्रक्रियेचा निर्णय आणि खर्च देणे म्हणजे ते घर गमावण्याची तयारीच करणे होय. पशुवैद्यांनी आधी सलाइन देऊन तिची स्थिती सुधारली, भुलेच्या काळात रक्तदाबावर लक्ष ठेवले आणि खराब दात काढले. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन २.५ आले, म्हणजे फारसा फरक पडला नव्हता. मान झटकणे थांबले. दात नसले तरी मांजर मऊ अन्न सहज खाते आणि बऱ्याचदा कोरडे दाणेही गिळते, ही बाब पुढे प्रत्येक भेटीत सांगावी लागली, कारण 'दात काढले म्हणजे आता ती जगणार कशी' हा प्रश्न हमखास येई.

उपचाराचे स्वरूप असे ठरले : मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीचे कमी फॉस्फरसचे तयार अन्न, बद्धकोष्ठासाठी लॅक्टुलोज, दर तीन महिन्यांनी रक्त-लघवीची तपासणी आणि आठवड्यातून दोनदा कातडीखाली १०० मिलिलिटर रिंगर लॅक्टेट हे सलाइन. दुसऱ्या टप्प्यातल्या प्रत्येक मांजराला कातडीखाली सलाइन लागतेच असे नाही; कस्तुरीच्या अंगातले पाणी वारंवार कमी होत असल्याने आणि तिला कुंथण्याचा त्रास होत असल्याने तिच्यासाठी ते ठरले. सर्व धरून महिन्याचा खर्च आम्ही साडेतीन ते चार हजार रुपये धरला, आणि त्यातला मोठा वाटा अन्नाचा होता.

निवेदन कसे लिहिले

दत्तकासाठीच्या निवेदनात अशा मांजरीचे छायाचित्र देताना तिला गजाआड दाखवण्याचा, 'शेवटची आशा' असे लिहिण्याचा मोह होतो. त्यावर हळहळ भरपूर येते, लोक ते पुढे पाठवतात, काही जण पैसेही देतात. घर मात्र क्वचितच मिळते, कारण वाचणाऱ्याच्या मनात उरते ते दुःख, आणि दुःख कोणी आपण होऊन घरात आणत नाही. कस्तुरीचे छायाचित्र खिडकीत ऊन खाताना घेतले होते आणि मजकूर असा होता :

'कस्तुरी, वय १२, मादी, नसबंदी व लसीकरण पूर्ण. शांत स्वभाव, एकटी राहण्याची सवय. इतर मांजरे किंवा कुत्री असलेल्या घरासाठी योग्य नाही. मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार, दुसरा टप्पा. रोज विशेष अन्न, आठवड्यातून दोनदा घरी सलाइन. त्याला दहा मिनिटे लागतात आणि ते आम्ही शिकवतो. मासिक खर्च अंदाजे चार हजार रुपये. आजार बरा होणारा नाही, पण योग्य काळजी घेतल्यास या टप्प्यातील मांजरी अनेकदा काही वर्षे चांगल्या जगतात. मांडीवर येत नाही, शेजारी येऊन बसते.'

आजाराचे नाव आणि खर्चाचा आकडा निवेदनातच द्यावा की भेटीत सांगावा, याबद्दल मतभेद आहेत. आधी जीव लागू द्यावा, मग सांगावे, असे मानणारे लोक मला भेटतात. मला ते अयोग्य वाटते. लळा लागल्यावर कळलेला आकडा माणसाला अडकवतो, आणि अडकलेल्या माणसाच्या घरातून प्राणी परत येतो किंवा त्याहून वाईट म्हणजे परत न येता उपचाराविना राहतो.

विचारणा आणि नकार

हिंजवडीच्या एका जोडप्याला मुलीसाठी मांजर हवे होते. मुलगी चार वर्षांची होती आणि तिला उचलून घ्यायला, खेळवायला मांजर हवे होते. त्यांना निवाऱ्यातलीच दोन पिल्ले दाखवली आणि त्यांनी ती जोडीने नेली. एका निवृत्त गृहस्थांच्या घरी तीन मांजरे होती आणि त्यांचा जीव खरोखर मोठा होता, पण चार वाडगी एका घरात असताना एकीनेच विशेष अन्न खावे ही व्यवस्था टिकत नाही. शिवाय कस्तुरीने बारा वर्षांत दुसरे मांजर पाहिले नव्हते. त्यांना नाही म्हणणे मला जड गेले, तरी ते आवश्यक होते. तिसरे घर भाड्याचे होते आणि मालकाची लेखी परवानगी मिळू शकली नाही.

एका शाकाहारी कुटुंबाशी झालेली चर्चा नोंदवण्यासारखी आहे, कारण आपल्याकडे हा प्रश्न वारंवार येतो. मांजर हा पूर्णतः मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन हे त्याला अत्यावश्यक असलेले द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसे तयार होत नाही आणि वनस्पतिजन्य आहारातून मिळत नाही. ते कमी पडले तर दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडतात. तयार अन्नाच्या पाकिटातही मांस असते, हे आम्ही स्पष्ट सांगितले. घरातल्या सासूबाईंनी शांतपणे विचार करून सांगितले की ते पाकीट आपल्या स्वयंपाकघरात उघडणे त्यांना मनापासून जमणार नाही. हा प्रामाणिक नकार होता आणि मला त्याबद्दल आदर वाटतो. काही शाकाहारी घरांत गॅलरीत वेगळी जागा करून मांजरे उत्तम सांभाळली जातात, तेव्हा हा अडथळा सर्वत्र सारखाच आहे असे नाही.

दोन बहिणींचे घर

बिबवेवाडीत राहणाऱ्या दोन बहिणींनी निवेदन वाचून विचारणा केली. थोरल्या बँकेतून निवृत्त झालेल्या, धाकट्या घरी बसून ब्लाउज शिवणाऱ्या. दोघी साठीच्या आतबाहेर. पूर्वी त्यांच्याकडे सतरा वर्षे जगलेला बोका होता. घर स्वतःचे, तिसऱ्या मजल्यावरचे, आणि गॅलरीला त्या बोक्याच्या वेळची जाळी अजून शाबूत होती. इतर घरांत जाळी बसवून घेण्यासाठी मला बराच पाठपुरावा करावा लागतो. वरच्या मजल्यांवरून मांजरे पडतात हे पुष्कळांना खरे वाटत नाही.

थोरल्या बहिणीचा प्रश्न मृत्यूचा होता. त्या म्हणाल्या, "बोका गेला तेव्हा आम्ही ठरवलं होतं, आता पुन्हा नाही. हिला आणायचं म्हणजे पुन्हा तेच बघायचं ना?" त्यांना खोटा दिलासा देणे बरोबर झाले नसते. मी त्यांना सांगितले की हा आजार वाढत जातो, किती वेगाने हे कोणी सांगू शकत नाही, आणि शेवटी ती खाईनाशी झाली तर तिला वेदनेविना निरोप देण्याचा निर्णय त्यांनाच पशुवैद्यांच्या मदतीने घ्यावा लागेल. त्या निर्णयाच्या वेळी निवाऱ्यातले कोणीतरी बरोबर येईल, एवढे वचन मी दिले. त्यांनी आठवडाभराचा वेळ मागितला. असा वेळ मागणाऱ्या अर्जदाराकडे मी अधिक विश्वासाने पाहते.

धाकट्या बहिणीची अडचण वेगळी होती. "सुई तर मी दिवसभर हातात धरते, ताई, पण ती कापडात. जिवंत अंगात घालायची म्हटल्यावर माझा हात थरथरतो." म्हणून दत्तकपत्राचा विषय बाजूला ठेवून त्यांना फक्त सलाइन शिकायला बोलावले. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, कारण गार द्रव अंगात गेला की मांजर उठून जाते. बाटली डोक्याच्या वर खिळ्याला टांगायची. खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत उचलली की तिचा लहानसा तंबू होतो. सुईचे तिरपे तोंड वर ठेवून त्या तंबूच्या पायथ्याशी ती आडवी सरकवायची, म्हणजे दुसऱ्या बाजूने बाहेर येत नाही. द्रव साठून खांद्यावर जो फुगवटा येतो तो कधी पुढच्या पायाकडे उतरतो आणि काही तासांत जिरतो. त्याला घाबरायचे नाही. प्रत्येक वेळी नवी सुई वापरायची आणि वापरलेली सुई झाकणाच्या जाड डब्यात टाकून दवाखान्यात परत द्यायची. पहिल्या वेळी त्यांनी नुसते पाहिले, पुढच्या वेळी कस्तुरीला टॉवेलमध्ये धरले, त्यानंतर सुई हातात घेतली. कापडाचा पोत बोटांनी ओळखण्याची सवय त्यांच्या कामी आली : कातडी कोठे सैल आहे हे त्यांना माझ्याआधी कळत असे. हाताची थरथर अशी कमी झाली, आणि मगच दत्तकाचे बोलणे झाले.

परीक्षाकाळ

कस्तुरी त्यांच्याकडे प्रथम महिनाभरासाठी, फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरत्या सांभाळासाठी गेली. या काळात अन्न आणि औषधे निवाऱ्याकडून होती. त्यांनी तिला आधी एकच खोली दिली, खोके आणि गोधडी तीच, पाण्याला रुंद पातेले, आणि शौचाच्या ट्रेची एक बाजू कापून खाली केलेली. बाराच्या पुढच्या बहुतेक मांजरींचे सांधे झिजलेले असतात आणि उंच काठ ओलांडणे त्यांना दुखते. त्यामुळे त्या बाहेर घाण करतात आणि त्याला लोक खोडसाळपणा समजतात.

चौथ्या दिवशी धाकट्या बहिणीचा फोन आला की आदल्या संध्याकाळपासून कस्तुरीने काही खाल्लेले नाही. निवाऱ्यात ती विशेष अन्नात थोडा उकडलेला मासा मिसळून खात होती. पथ्य काटेकोर पाळण्याच्या इच्छेने बहिणींनी मासा एकदम बंद केला होता. येथे एक तत्त्व स्पष्ट सांगावे लागले, आणि ते मी आता प्रत्येक घराला लेखी देते : मूत्रपिंडाचे अन्न उत्तम, पण ते न खाता उपाशी राहण्यापेक्षा दुसरे काहीही खाल्लेले बरे. मीठ-हळद न घालता उकडलेला मासा कोमट करून दिला, पशुवैद्यांच्या सल्ल्याने भूक वाढवणारे मिर्टाझपिन अगदी अल्प मात्रेत दिले, आणि ती खाऊ लागली. त्यानंतर माशाचे प्रमाण कित्येक आठवडे हळूहळू कमी करत नेले. आजही चमचाभर मासा वरून लागतोच, आणि पशुवैद्यांना ते मान्य आहे.

घरातल्या धोक्यांचीही याच काळात उजळणी झाली. माणसांच्या औषधांतील पॅरासिटामॉल मांजराला प्राणघातक आहे आणि सांधेदुखीच्या गोळ्या तिच्या मूत्रपिंडांना घातक आहेत. लिलीच्या फुलांचा गुच्छ घरात अजिबात आणायचा नाही, कारण त्याचे परागकण चाटले गेले तरी निरोगी मांजराची मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. थोरल्या बहिणीने हे ऐकून सणासुदीला घरी येणाऱ्या आप्तांना तशी सूचनाच देऊन ठेवली.

दत्तक आणि त्यानंतर

महिना संपला तेव्हा वजन ३.१ किलो झाले होते आणि दत्तकपत्रावर सह्या झाल्या. त्यातील अटी थोडक्यात अशा : तिला तिसऱ्या कोणाकडे परस्पर द्यायचे नाही, जमेनासे झाल्यास कोणत्याही टप्प्यावर, कारण न विचारता, निवारा तिला परत घेईल, आणि पहिल्या वर्षातील तिमाही तपासण्यांचा खर्च निवाऱ्याच्या एका देणगीदारांकडून होईल. अन्नाचा खर्च बहिणींनी स्वतःहून उचलला. निवाऱ्याने खर्चात असा वाटा उचलण्याला काही संस्थांचा विरोध असतो. ज्याला परवडत नाही त्याने प्राणी नेऊ नये, असे त्या म्हणतात. निवाऱ्यात ठेवूनही हाच खर्च होणार होता आणि त्यात मांजरीला कुत्र्यांच्या भुंकण्यात राहावे लागणार होते, एवढा हिशेब मांडला तर तो विरोध मला पटत नाही. पाळीव मांजरांनाही परवाना लागू करण्याचा निर्णय पुणे महापालिकेने २०२२ मध्ये घेतला आहे. त्या परवान्याचा अर्जही दत्तकपत्राबरोबरच भरून घेतला.

तीन महिन्यांनंतरच्या तपासणीत क्रिएटिनिन २.५ वर स्थिर होते. फॉस्फरस अपेक्षित मर्यादेत आला होता आणि बद्धकोष्ठ जवळजवळ थांबले होते. आजींना वृद्धाश्रमात छायाचित्रे पाठवली जातात. थोरल्या बहिणीने त्यांना एकदा भेटून कस्तुरीच्या लहानपणीची हकिगतही विचारून घेतली.

एक प्रश्न मात्र दत्तकपत्राने सुटत नव्हता. सलाइन धाकट्या बहिणीलाच देता येत होते, थोरलीच्या दृष्टीला अडचण होती, आणि दोघींपैकी एक आजारी पडली तर काय, हे ठरलेले नव्हते. आजींच्या बाबतीत जे घडले तेच पुन्हा घडू शकले असते. शेजारच्या घरातली नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी शिकायला तयार झाली. धाकट्या बहिणीनेच तिला शिकवले, आणि ती आता महिन्यातून एकदा स्वतः सलाइन देते, म्हणजे हात बसलेला राहतो. तिचे नाव, पशुवैद्यांचा पत्ता, औषधांच्या मात्रा आणि आजींनी सांगितलेल्या सवयी असा एक कागद बहिणींच्या फ्रिजवर लावलेला आहे आणि त्याची प्रत निवाऱ्याच्या नस्तीत आहे. दहा वर्षांवरील प्रत्येक प्राण्याच्या दत्तकपत्राला असा कागद आणि अशा दुसऱ्या माणसाचे नाव जोडल्याशिवाय आम्ही आता सही घेत नाही.